जात्यावर घेतलेलं नाव

देवगाव फाट्यावर तो मला आधी दिसला नाही… ऐकू आला.

ठण्ण… ठण्ण… ठण्ण…

पौषातली सकाळ होती. धुकं असं दाट, की हात लांब केला तर आपल्याच बांगड्या दिसू नयेत. कडेच्या ज्वारीच्या पानांवरून दहिवर टपटपत होतं. आत्या आणि मी लिंबाखाली गाठोडी घेऊन बसलो होतो, आणि त्या धुक्यातून काहीतरी एका लयीत आमच्याकडे येत होतं.

"कुणाचा तरी बैल सुटलाय वाटतं," मी आत्याला हळूच म्हणाले. हळूच म्हणजे… पलीकडे ऐकू जाईल इतपत.

"सुटलाच हाय बाई," धुक्यातून आवाज आला. "निस्ती शिंगं घरी ऱ्हायली."

मग माणूस दिसला. उंच, सावळा, पाठीवर भरलेली पडशी. पडशीवर घोंगडीची वळकटी, वळकटीवर सुतळीने बांधलेला भला थोरला लोखंडी तवा, आणि त्याला लटकलेला पितळी तांब्या. पाऊल पडलं की तांब्या तव्यावर आपटायचा. भुवयांवर दहिवर साचलेलं. मी हसू आवरायला पदर तोंडाशी नेला, आणि त्याने ते पाहिलं.

"धुरपताबाई तुमीच ना?" तो आत्याला म्हणाला. "मी चंद्रभान. पेडगावचा. टोळी मागून यायलीय."

त्या सालात गावोगाव भूदानाच्या टोळ्या निघत होत्या. पाठीवर बिऱ्हाड घ्यायचं, पायी चालायचं, ज्याच्याजवळ रान आहे त्याच्याकडून बिनरानाच्या माणसासाठी मागायचं, की पुढच्या गावाला लागायचं. आमच्या भागातल्या टोळीचे म्होरके दिनकरराव, मास्तरकी सोडलेले, पांढऱ्या टोपीचे. त्यांना स्वयंपाकाला दोन बायका हव्या होत्या. एक माझी आत्या. पोलीस ॲक्शनच्या आधी तिने सरहद्दीवरच्या छावणीत निजामाविरुद्ध लढणाऱ्या शंभर-शंभर पोरांना भाकरी घातली होती, त्यामुळे तिला कशाचं भय नव्हतं. दुसऱ्या कमलबाई यायच्या होत्या. मी नुसती पोचवायला आले होते. आत्याला टोळीच्या हवाली करायचं आणि मोटारीने सेलूला परत.

टोळी आली, पण कमलबाई आल्या नाहीत. लेकीचं बाळंतपण निघालं म्हणे.

"दहा गडी अन् एकटी बाई," आत्या म्हणाली. "दोन्ही वेळच्या भाकरी कशा व्हायच्या?"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. चंद्रभानने बघितलं.

"ह्यांला येत असतील की भाकरी," तो म्हणाला. "का निस्ता बैलच वळखू येतो?"

"भाकरी येते. पण माझी भाकरी खाल्ली की मानसाला दुसऱ्या कुनाची चालत न्हाई, म्हून सहसा करत न्हाई."

"अरे बाप रे… मंग तर धोकाच हाय."

तेवढ्यात मोटार आली. किन्नर, मोटारीचा क्लीनर, "सेलू, सेलू" ओरडायला लागला. मी पिशवी उचलली, दोन पावलं टाकली. त्याच्या तव्याची एका अंगाची सुतळी सुटत आली होती… आता पडेल, मग पडेल. मी पिशवी खाली ठेवली आणि गाठ मारायला घेतली. गाठ जरा नीटच मारली. मोटार गेली.

आईबाप मला लहानपणीच सोडून गेले; भाऊ ना बहीण, आत्यानेच मला वाढवलं. माझी पिशवी तिने आपल्या गाठोड्याजवळ ओढून घेतली.

*

मग चालणं. जिंतूरकडच्या डोंगरांतून एका वाडीहून दुसऱ्या वाडीला. कुठे पांदी, कुठे नुसती शेरडांची वाट. पहिले दोन दिवस माझे पाय माझे नव्हते. तिसऱ्या दिवशी ते परत आले, आणि मग थांबावंसंच वाटेना.

टोळीत ज्याचं त्याने वाहायचं, हा नियम. दिनकररावांच्या पडशीत पुस्तकं आणि पोटदुखीचं चूर्ण. आत्याच्या गाठोड्यात तिखट, मीठ आणि येसर. भाजल्या धान्याचं ते मसाल्याचं पीठ. उकळत्या पाण्यात कालवलं की घडीत आमटी तयार. माझ्याकडे पिठाची पिशवी. आणि तवा त्याच्याकडे.

गाव लांब असलं की दुपारची चूल रानातच पडायची. ओढ्याकाठी आम्ही पोचेपर्यंत तो तीन दगड मांडायला लागलेला असायचा. दगड तो वाजवून घ्यायचा.

"टरबूज हाय का पिकलेलं?" मी विचारलं.

"वल्ला दगड चुलीत फुटतो. मालूम न्हाई का सेलूवाल्यांला?" त्याने एक दगड कानाशी धरला. "हा म्हनायलाय, बाई लय तिखट हाय, जपून ऱ्हा."

परात नव्हती. धुऊन घेतलेल्या काळ्या खडकावर मी पीठ मळायची, तिथेच भाकरी थापायची. तो तुराट्या मोडून चुलीत सारायचा. आम्ही समोरासमोर, मध्ये जाळ. धूर नेमका माझ्याकडे वळला की तो उठून त्या बाजूला बसायचा, घोंगडी आडवी धरून. आत्या करडीची कोवळी पानं खुडत लांब असायची. टोळी झाडाखाली आडवी झालेली. कुठेतरी होला घुमायचा.

एखादी भाकरी करपायचीच. ती तो आधी उचलून घ्यायचा.

"ती ठिवा. ती कुत्र्याला घालू."

"न्हाई. करपलेली माझी."

"का म्हून?"

"थापनारीचं ध्यान कुठं हुतं, ते करपल्या भाकरीला मालूम असतं," तो खाली बघून म्हणाला. "खाताना सांगती ती."

"काय सांगती?"

"ते मंग… सगळ्यांम्होरं सांगायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी दोन करपवल्या. आत्या म्हणाली, हात बिघडला तुझा.

आम्ही एकमेकांना 'तुमी'च म्हणायचो. दुसरं कसं म्हणणार? पण चालताना, त्याच्या मागे चार पावलांवर, मी मनातल्या मनात एक खेळ खेळायची. त्याचंच बोलणं घ्यायचं, त्यातला 'तुमी' काढून 'तू' ठेवायचा. 'तुमी दमलाव का' याचं 'तू दमलीस का' करायचं. मग एकटीच लाजायची.

जिंतूरच्या बाजारात दिनकरराव लोकांशी बोलत बसले, तेव्हा मी त्याला मनेऱ्याच्या, बांगड्या-टिकल्यांच्या, दुकानाशी उभा पाहिला. तळहाताएवढा आरसा होता, पितळी काठाचा. त्याने तो उलटापालटा केला, घेतला, धोतराच्या सोग्यात लपवला. कुणी बघत नाही ना म्हणून वळला, तर मी.

"कुनासाठी?" मी विचारलं.

"दाढीला," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला.

डोंगर उतरून आम्ही सपाटीला लागलो. त्याचं पेडगाव एका मजलेवर आलं. संध्याकाळी विहिरीवर तो माझ्या घागरीत पोहरा ओतत होता. ओतता ओतता थांबला.

"उद्या आमच्या गावात पोचतो आपन," तो म्हणाला. "माय हाय तिथं माझी."

"बरं."

"तिथं जायच्या आधी… तुमाला एक बोलायचंय."

"आत्ता बोला की."

"न्हाई. सकाळी. जरा सबर धरा." आणि घागर भरून वाहायला लागली तरी त्याचा पोहरा वरच.

त्या रात्री मला कसली झोप!

*

त्या वाडीच्या लोकांनी टोळीला ज्वारी दिली होती, दळलेली नव्हे. म्हणून दिस उगवायच्या आधी मी आणि आत्या छबूबाईच्या घरी दळायला बसलो. छबूबाई म्हणजे त्या घरची धनीण, ठसठशीत कुंकवाची, आवाज असा की पाखरं उठावीत. शेजारच्या चार-पाच बायका आपापली सुपं घेऊन आल्या. खुंट्याला हात लागला, की ओवी आलीच. छबूबाईने घेतली:

जात्याच्या पाळीवर पीठ पडे भुरुभुरू
बंधवाच्या वाटंकडं माझे डोळे भिरुभिरू

एकेक करून सगळ्यांनी आपापल्या भावाचं नाव ओवीत घातलं. कुणाचा बैलगाडीतून येणारा, कुणाचा पाटलीण-वहिनीच्या धाकातला. हसणं, कोपरखळ्या. मग खुंटा माझ्या हातात आला.

"गा गं पोरी."

"मला न्हाई येत."

"जात्यावर बसून येत न्हाई? हे काय बोलनं झालं? गा!"

माझ्या मनात तर काल विहिरीवरून आणलेलं एकच वाक्य फिरत होतं. जातं फिरलं, आणि पहिली ओळ आपसूक आली, मी जुळवलीसुद्धा नाही:

डोंगर चढताना वाजे तवा पाठीवरी…

बायका थांबल्या. आता दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीत नाव लागतं. त्याच्याशिवाय ओवी पुरी होत नाही, जातं तसंच अधांतरी फिरत राहतं. नाव ओठावर आलेलं होतं… पण नुसतं परक्या पुरुषाचं नाव, पाच बायकांत, कुवार पोरीच्या तोंडी? वर काहीतरी झाकण हवं होतं. आणि 'बंधू' हा शब्द तर जात्याच्या खुंट्यालाच बांधलेला असतो. हात गेला की हाताला लागतो.

बंधू चंद्रभान माझा चाले साऱ्यांच्या म्होरी

मला वाटलं, किती हुशारीने नेलं मी! नाव तर घेतलं, सगळ्यांसमोर गळा भरून घेतलं, आणि कुणाला काही कळलं नाही. बायका "व्वा" म्हणाल्या. मी मान वर केली.

दारात तो उभा होता. पिठासाठी रिकामी पिशवी हातात. केस ओले, पाणी मारून विंचरलेले. अंगात धुतलेला सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाचा फुगवटा, तळहाताएवढा.

"हाच का गं चंद्रभान?" छबूबाई उठलीच. "ये बाबा, आत ये. बहिनीनं नाव घेतलं तुझं. जात्यावर भाऊ म्हनलं, की झाला भाऊ. जात्याची आन असती, मोडून चालत न्हाई. अगं, ताट आना, ओवाळू द्या तिला!"

माझ्या हातात ताट आलंसुद्धा. आत्या माझ्याकडे बघत होती. मला 'न्हाई' म्हणायचं होतं. एवढंच. दोन अक्षरं. पण म्हणजे काय म्हणायचं होतं? की मी भावाचं नाव पुढे करून मनात दुसरं ठेवलं? जात्यासमोर खोटं गायले? सगळ्या बायका हसऱ्या तोंडाने वाट बघत होत्या.

मी त्याला कुंकू लावलं. टिळा वाकडा गेला. तो हलला नाही. ओवाळलं. मग त्याने खिशात हात घातला, क्षणभर तसाच ठेवला… आणि तो आरसा ताटात ठेवला.

"इश्श! भाऊ कुठं आरसा देतो व्हय?" छबूबाई म्हणाली. "खन द्यावा, चोळी द्यावी!"

"देईल," तो म्हणाला. "खन बी देईल, अक्का."

पिशवी तिथेच टाकून तो गेला.

पेडगावची वाट धरली तेव्हा तो नेहमीसारखा पुढे होता. तवा वाजत होता. ओढा आला. पाणी गुडघाभर. पलीकडून त्याने मागे वळून हात पुढे केला.

"दमलीस का?" तो म्हणाला. "दे ती पिशवी इकडं."

तू म्हणाला! किती सहज, किती मायेने. ज्या शब्दासाठी मी पंधरा दिवस डोंगरात एकटीच खेळ खेळले, तो शब्द त्याने असा ओंजळीत ठेवला, आणि मला तो घेताही येईना.

"काय… बोलायचं हुतं तुमाला?" मी विचारलं.

"कवा?"

"काल म्हनला हुता. सकाळी बोलतो म्हनून."

त्याने पिशवी खांद्याला लावली.

"इसरलो बघ," तो म्हणाला. "अन् आता तुमी-बिमी कशाला? भावाला कुनी तुमी म्हनतं का?"

पेडगावात त्याच्या आईने, पार्वतीबाईंनी, अंगणात सडा घातला होता. त्यावर रांगोळी काढली होती. आत पाटावर ताट मांडलेलं दिसलं, नारळ आणि हिरवागार खण. टोळीसाठी कुणी असं ताट मांडत नाही. त्यांची नजर आम्हा सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"माय," तो म्हणाला, "ही कस्तुरा. बहीन हाय माझी. आजच झाली."

पार्वतीबाईंनी लेकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोच हिरवा खण त्यांनी माझ्या ओटीत घातला. घालताना हात जरा जड झाला त्यांचा.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापाशी टोळी मोडली. ज्याची त्याची वाट निघाली. मोटारीत बसल्यावर आत्याने तिकिटं पदराच्या टोकाला बांधली.

"एक सांगू कस्तुरे? मी त्या पोराला तुझ्यासाठीच बघायलते. पहिल्या दिवसापासून. मोटार सोडलीस तू, तवाच म्हनलं, बरं झालं." ती माझ्याकडे वळली. "पन तू तर भाऊ करून बसलीस. माझंच काय तरी चुकलं बघन्यात."

"हौ," मी म्हणाले.

*

वैशाखात माझं लग्न ठरलं. स्थळ चंद्रभाननेच काढलं. गंगाखेडकडचे शाळामास्तर.

"मानूस सबरीचा हाय," तो आत्याला सांगत होता. मी आतून ऐकत होते. "आवाज चढवत न्हाई. मी तीनदा जाऊन बघून आलो."

लग्नाच्या चार दिवस आधीच तो ज्वारीची पोती गाडीत घालून आला. मांडव त्यानेच घातला. हळदीच्या दिवशी दुपारी तो शिडीवर चढून आंब्याचे डहाळे बांधत होता. मी पाणी घेऊन गेले. अंगाला हळद तशीच.

"कस्तुरा," वरूनच तो म्हणाला. "एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी जात्यावर… ते नाव भावाचंच हुतं न्हवं?"

माझ्याकडे बघितलं नाही त्याने. सुतळीला गाठ मारत राहिला. घरात आत्या कुणाशी तरी मोठ्याने हसत होती, किती वर्षांनी अशी हसत होती. दारात वाजंत्रीवाले येऊन बसले होते.

"हौ," मी म्हणाले. "भावाचंच."

"हौ ना," तो म्हणाला. "तेच म्हनलं मी."

मी तांब्या धरून तिथेच उभी राहिले. त्याने अजून एकदा विचारलं असतं… नुसतं "खरंच?" एवढं जरी म्हणाला असता, तरी माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तो खाली उतरला, पाणी प्याला, शिडी उचलून मांडवाच्या दुसऱ्या खांबाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं असतं. सगळा मांडव पुढे सरकला.

"जोरात पिळ रे चंद्रभान!"

"मास्तरचा कान हाय, आज सूड घे सगळ्या पोरांचा!"

त्याने कानाला हात लावला, पण पिळला नाही. वाकला, आणि कानात काहीतरी बोलला. दहा शब्द असतील, की पंधरा. मास्तर हसले नाहीत. मान डोलावली. मांडव ओरडला, "हे काय, फितूर झाला भाऊ!" आणि आहेराचा फेटा न घेताच तो गर्दीतून मागे सरकला.

मास्तर खरोखर सबरीचे निघाले. एकच खोड. कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची. "जेवलीस?" जेवले. "खरंच जेवलीस ना?" डोकं दुखतंय का, न्हाई, खरंच न्हाई ना? मला वाटायचं, वर्गातल्या पोरांना दोनदा सांगायची सवय, ती घरी आली असेल. चार वर्षं मी ते सोसलं. मग एकदा चुलीपुढे बसले असताना, लहानगी मांडीवर, भाकरी तव्यावर, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि मी चिडले.

"एकदा सांगितलेलं कळत न्हाई का तुमाला?"

ते हसले.

"तुझ्या भावाची ताकीद हाय. कान पिळताना म्हनला, हिला काहीबी इचारा, पहिल्यांदा खरं सांगत न्हाई. दोनदा इचारत जावा. मी एकदाच इचारलं, चुकलं माझं, असं म्हनला."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मी ती उलटली नाही.

"असं का म्हनला असंल गं तो?"

"भावाची माया असती," मी म्हणाले. "दुसरं काय?"

त्यांनी हात लांबवून करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. जाळाच्या उजेडात माझ्याकडे बघितलं. आणि मग, सवयीप्रमाणे, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.